परत न गेलेली पुस्तकं

हिल्डा कॉर्कम नवे लेखक शोधून काढते, हे हर्टल्स कोव्हमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ते नवे लेखक पुढे वाचतं कोण, हे मात्र कोणी विचारत नसे. आमच्या किनाऱ्यावर असले प्रश्न विचारणं असभ्य समजतात. इथे कुणी तुमच्या पायावर पाय दिला तरी माफी तुम्हीच मागायची असते.

तिचं पुस्तकांचं दुकान म्हणजे तिच्या मामाचं जुनं मासळीचं दुकान. मासळीचा कारखाना बंद पडला, तिथली हिल्डाची कारकुनी गेली, पाठोपाठ मामाही गेला, आणि हिल्डाने त्याच्या दगडी ओट्यावर कॉडऐवजी कादंबऱ्या मांडल्या. हवा दमट झाली की त्या ओट्याला अजून वास सुटतो. उन्हाळ्यात टोरांटोहून येणारी मंडळी डोळे मिटून तो वास घेतात, "किती अस्सल!" म्हणतात आणि मुखपृष्ठावर दीपगृह असलेलं काहीतरी उचलून नेतात. आत काय आहे याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसतं. एकदा एक बाई दीपगृह पाहून भरती-ओहोटीचं गेल्या वर्षीचं कोष्टक घेऊन गेल्या आणि वाचून मन फार शांत झालं असं त्यांनी फोन करून कळवलं.

खिडकीजवळची एक फळी मात्र खास होती. ती छोट्या प्रकाशकांची. आमच्याकडे छोटा प्रकाशक म्हणजे असा माणूस, ज्याच्या स्वयंपाकघरात पुस्तकांची खोकी असतात आणि त्या खोक्यांवर जेवणाची ताटं. प्रकाशनाला नाव द्यायचं ते बहुधा एखाद्या जनावराचं नाहीतर एखाद्या ओल्या वस्तूचं. अँब्रोज निकलच्या प्रकाशनाचं नाव होतं 'ओला बूट'. पुस्तकं निवडायचा अँब्रोज, तपासायचा अँब्रोज, खटारा गाडीत घालून किनाऱ्यावरच्या दुकानादुकानांत पोचवायचा तोही अँब्रोजच. बड्या प्रकाशकांकडे या कामांना निरनिराळे मजले असतात म्हणे.

फळीला कीर्ती मिळाली ती एका कवयित्रीमुळे. तिचा पहिला संग्रह ओल्या बुटानेच काढला होता, आणि हिल्डाने तो खरोखर वाचून, खरोखर आवडून, दुकानात पाऊल टाकील त्याच्या गळ्यात मारला होता. पुढे कवयित्रीला बक्षीस मिळालं. मग टोरांटोच्या वर्तमानपत्राने तिला नव्याने 'शोधून काढलं', एका बड्या प्रकाशकाने तिला अलगद उचललं, आणि मुलाखतीत तिने 'किनाऱ्यावरची माझी पहिली वाचक हॅरिएट' हिचे जाहीर आभार मानले. हिल्डाने ते कात्रण चौकटीत बसवून गल्ल्यामागे लावलं. हॅरिएट म्हणजे आपली हिल्डाच, असं गावाने एकमताने ठरवून टाकलं.

झालं. तेव्हापासून शोध लावणं हा हिल्डाचा हुद्दा झाला, आणि हुद्दा मिळाल्यावर काम कोण करतो? ती पाठीवरचा मजकूर वाचायची, मधलंच एखादं पान उघडायची, मान तिरकी करून "हं" म्हणायची. गिऱ्हाइकाने विचारलं तर "जरा वेगळं आहे," एवढं सांगायची. आमच्याकडे 'वेगळं' हा शब्द नव्या सुनेच्या स्वयंपाकाला आणि नव्या पाद्र्याच्या प्रवचनालाही वापरतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला काय समजायचं ते समजायचं. तो गोड हसून भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन जायचा.

आता पुस्तकांच्या धंद्यात एक सोय असते. न खपलेलं पुस्तक दुकानदार प्रकाशकाला परत करू शकतो. टोरांटोच्या बड्या प्रकाशकांची पुस्तकं परत करताना हिल्डाच्या हाताला वेगळाच जोर यायचा. स्वस्त आवृत्त्यांची तर नुसती मुखपृष्ठं फाडून पाठवली आणि बाकीचं पुस्तक रद्दीत टाकलं तरी पैसे परत मिळतात. ते काम ती रविवारी, चर्चमधून आल्यावर, प्रसन्न मनाने करी.

पण ओल्या बुटाचं पुस्तक परत करायचं म्हणजे कुणाला? तर अँब्रोजला. जो शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा, जो पुस्तकं उतरवून झाली की ओट्याला टेकून चहा प्यायचा आणि कप स्वतः विसळून ठेवायचा. त्याला तोंडावर "हे घे बाबा, कुणाला नको झालंय," म्हणायचं? आमच्याकडे शेजारणीच्या पुडिंगमध्ये साखरेऐवजी मीठ पडलं असलं तरी ताट परत देताना त्यात ओटची बिस्किटं घालतात आणि "पुरलंसुद्धा नाही गं," असं सांगतात. रिकामं ताट परत जात नाही, आणि तोंड न लावलेलं तर कधीच जात नाही.

गेल्या शरदात ओल्या बुटाने 'मीठ कमी' नावाची कादंबरी काढली. लेखिका लिओटा हिमेलमन. ही आमच्या शाळेची बस चालवते. बस चालवणाऱ्या बाईने कादंबरी लिहिली म्हटल्यावर गावाला कोण अभिमान! अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. झाडून सगळा गाव आला. सगळ्यांनी अंड्याची सँडविचं खाल्ली, लिओटाला मिठ्या मारल्या, "नाताळात घेईनच हं," असं वचन दिलं आणि उरलेली सँडविचं रुमालात बांधून नेली. नाताळ आला आणि गेला. गावाने एकमेकांना नेहमीसारखे लोकरीचे मोजे दिले.

वसंतात हिल्डाने फळीवरच्या साऱ्या प्रती काढून खोक्यांत भरल्या आणि दुकानामागच्या खोलीत, मामाच्या बंद पडलेल्या डीप फ्रीझरमध्ये ठेवून वरून झाकण लावलं. अँब्रोजचे पैसे पदरचे घालून चुकते केले.

"सगळी गेली?" अँब्रोजने विचारलं. त्याच्या हातातला कप तसाच राहिला होता.

"फळीवर एक तरी दिसतंय का, बघ," हिल्डा म्हणाली.

फळीवर खरंच एकही नव्हतं. रोज दुपारी मुलांना सोडून परतताना लिओटाही दुकानासमोर बसचा वेग कमी करायची, खिडकीतून ती रिकामी जागा बघायची आणि एक छोटासा हॉर्न वाजवून पुढे जायची. हिल्डा हात हलवायची. चांगुलपणा केल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर तेव्हा अगदी ओसंडून वाहत असे.

तिचा नवरा बर्टन, जन्मभर लॉबस्टर पकडून निवृत्त झालेला, तेवढा या चांगुलपणावर खूश नव्हता. "तो फ्रीझर न्यायला भंगारवाला दोनदा येऊन गेला," तो म्हणाला. "त्याला काय सांगू? आत साहित्य आहे म्हणून?"

"गप्प बस. अँब्रोजच्या कानावर गेलं तर?"

"त्याच्या कानावर जायला कोणीतरी तोंड उघडायला हवं. त्याची काळजी करू नकोस. हे हर्टल्स कोव्ह आहे."

सप्टेंबरच्या एका सोमवारी अँब्रोज दुकानात आला तो चहा न मागताच ओट्यावर बसला. एवढा आनंदात त्याला हिल्डाने त्या कवयित्रीच्या बक्षिसानंतरही पाहिलं नव्हतं.

"एकसुद्धा परत आलं नाही गं!" तो म्हणाला. "'मीठ कमी'चं. किनाऱ्यावरच्या एकाही दुकानातून एकही प्रत नाही. माझ्या आयुष्यात असं झालेलं नाही. लोक मागतायत आणि दुकानदार बिचारे संकोचाने बोलत नाहीत, मला कळतं ना! दुसरी आवृत्ती काढतोय. पहिलीच्या दुप्पट."

"दुप्पट?" हिल्डाने ओट्याची कड धरली. "अरे, पण छापायला..."

"विनिफ्रेड विकतोय."

विनिफ्रेड ही अँब्रोजच्या बापाची होडी. बापाने स्वतः बांधलेली, अँब्रोजच्या आईचं नाव दिलेली. दर वसंतात अँब्रोज तिला रंग द्यायचा, आणि रविवारी खाडीत एकटाच वल्हवत जायचा. त्याचं लग्न झालं नव्हतं; होडी होती.

"घेतोय कोण?"

"प्रेस्कॉट म्हणून एक आहेत. टेकडीवर नवं घर बांधलंय त्यांनी, ओंटारिओचे. शनिवारी ट्रेलर घेऊन येणार आहेत." अँब्रोजने ओट्यावरून बोट फिरवलं. "अंगणात ठेवणार म्हणाले. तिच्यात माती भरून जिरेनियमची फुलझाडं लावणार."

"जिरेनियम?"

"लाल." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "जाऊ दे गं. बापाने होडी बांधली, मी पुस्तकं बांधली. शेवटी लिओटासारखी लेखिका आयुष्यात एकदाच सापडते. आणि तुझ्या फळीमुळे सापडली."

रात्रीच्या जेवणाला तिने बटाटे उकडले आणि तसेच पातेल्यात विसरली.

"सांगून टाक," बर्टन म्हणाला.

"काय सांगू? की वसंतापासून खोटं बोलतेय म्हणून?"

"मग बोलू नकोस. शनिवारी जाऊन जिरेनियमला पाणी घालून ये."

दुसऱ्या दिवशी तिने पलीकडच्या खाडीवरच्या व्हेस्टाला फोन लावला. व्हेस्टाचंही पुस्तकांचं दुकान. लोकर आणि मेणबत्त्याही विकते, म्हणून टिकून आहे.

"'मीठ कमी' कसं चाललंय गं तुझ्याकडे?" हिल्डाने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चाललंय? संपलं केव्हाच! तुझ्याकडे?"

"संपलं."

"छानच."

"हो ना. छानच."

फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत होता.

"हिल्डा," व्हेस्टा हळूच म्हणाली, "तू कुठे ठेवलीस?"

"डीप फ्रीझरमध्ये. तू?"

"पलंगाखाली." व्हेस्टाने सुस्कारा सोडला. "काय करू गं? तो आला की माझ्या मांजराची चौकशी करतो. अशा माणसाला पुस्तकं कशी परत करायची? बरं, पण पुस्तक आहे कसं?"

"म्हणजे? तू वाचलं नाहीस?"

"मी कशाला वाचू? शोध तुझा ना!"

हे वाक्य हिल्डाला चांगलंच लागलं. फोन ठेवून ती बराच वेळ गल्ल्यामागच्या कात्रणाकडे बघत बसली. हॅरिएटने निदान पुस्तक वाचलं होतं.

मग तिला एक युक्ती सुचली, आणि ती चांगली आहे असंही तिला वाटलं. पुस्तक वाचायचं. ते टाकाऊ निघणार यात शंका नव्हती. एवढं खपत नाही म्हणजे टाकाऊच असणार. मग अँब्रोजला एखाद्या जाणकारासारखं सांगायचं की बाबा रे, पुन्हा वाचल्यावर वाटलं, दुसऱ्या आवृत्तीत काही राम नाही. फ्रीझरचं नाव काढायची गरजच नाही. होडीही वाचेल आणि तोंडही.

गुरुवारी धुकं इतकं दाट होतं की समोरचा धक्का दिसत नव्हता. हिल्डाने दारावर बंदची पाटी लावली, फ्रीझरमधून एक प्रत काढली आणि ओट्यामागे खुर्ची टाकून दोष शोधायला बसली.

कादंबरी होती मासळी खारवण्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका विधवेची. ही बाई सगळ्यांशी गोड बोलते. सगळ्यांना "छान, छान" म्हणते. आणि मनातल्या मनात एकेकाची अशी काही सालटी काढते, की हिल्डाला पहिल्याच प्रकरणात ठसका लागला. तिसऱ्या प्रकरणात पाल्हाळ होतं. हिल्डाला हायसं वाटलं, पेन्सिलने तिने तिथे खूण केली. पुढे आलं नवऱ्याच्या अंत्यविधीचं प्रकरण. शेजारपाजारच्या बायकांनी आणलेल्या सँडविचांवरून विधवा कोणाचा शोक किती खरा ते ठरवते. काकडीवाली नुसती दाखवायला आली, अंड्यावाली खरी रडली, आणि हॅमवालीचं विधवेच्या नवऱ्याशी काहीतरी होतं. हिल्डा एवढ्या मोठ्याने हसली की बर्टन दुकानाला लागून असलेल्या त्यांच्या घरातून धावत आला.

"काय झालं?"

"काही नाही. जा."

"दोष सापडले?"

"जा म्हटलं ना!"

दुपारी ती रडली. विधवा एकदा आरशासमोर उभी राहून खरं बोलायचा सराव करते आणि स्वतःलाही "छान" म्हणून मोकळी होते, तिथे. ही कादंबरी फळीवर होती तोवर हिल्डाने कशी विकली होती? "आपल्या लिओटाची आहे हो, घ्या बिचारीची," अशी. पुस्तकात हसू आहे, हे कोणाला सांगितलंच नव्हतं, कारण तिला माहीतच नव्हतं. लोकांनी कादंबरी नाकारली नव्हती. त्यांनी वर्गणी नाकारली होती, आणि त्यांचं काय चुकलं? हिल्डाला स्वतःची इतकी लाज वाटली की बाहेर बसचा छोटा हॉर्न वाजला तेव्हा ती ओट्याखाली वाकली.

शुक्रवारी सकाळी बर्टनने खोकी गाडीत चढवली. भंगारवाल्याला फोन करायची आठवणही त्याने तेवढ्यात करून दिली. हिल्डाने सगळ्यात वरच्या खोक्यावर कांदा घालून सिरक्यात मुरवलेल्या हेरिंग माशांची बरणी ठेवली. जिवावर आलेलं काम असलं तरी रिकाम्या हाताने कसं जायचं?

अँब्रोज धक्क्याजवळच्या त्याच्या घराच्या ओसरीवर विनिफ्रेडची वल्ही पुसत बसला होता. नव्या मालकाला स्वच्छ द्यावीत म्हणून. खोकी उतरताना पाहून तो हसत उठला.

"हे काय आणलंस?"

"मीठ कमी."

"म्हणजे? लोणच्यात?"

"लोणचं नीट आहे. पुस्तक, अँब्रोज. तुझं पुस्तक. सगळं इथे आहे."

त्याने एक खोकं उघडलं. वरची प्रत हातात घेतली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. नको असलेल्या पाहुण्यासारखं ते उगाच रेंगाळलं.

"तू म्हणालीस, गेली."

"फळीवर दिसतंय का बघ, म्हणाले."

"हिल्डा!" आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यावर ओरडला. "माझ्या तोंडावर! चहा पाजून!"

"हो."

"आणि बाकीची दुकानं?"

"व्हेस्टाच्या पलंगाखाली आहेत. बाकीच्यांना मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?"

अँब्रोज पायरीवर बसला. वल्हं त्याच्या गुडघ्यांवर आडवं पडलं होतं. "म्हणजे दया केलीत माझ्यावर. सगळ्यांनी मिळून."

"हो," हिल्डा म्हणाली. "केली. मेली ती दया! तुझी होडी मातीने भरायला निघाली होती."

मग त्याने न बघताच विचारलं, "वाचलं तरी कोणी?"

"मी. काल."

"काल! वर्षाने!"

"वर्षाने, काल."

"कसं वाटलं?" त्याने बोट उगारलं. "आणि 'छान' म्हणालीस ना, तर ही बरणी तुझ्या डोक्यात घालीन."

"तिसरं प्रकरण पाल्हाळ आहे," हिल्डा म्हणाली. "तू कापायला हवं होतंस. शेवट तिने घाईत उरकलाय. आणि ते सँडविचांचं प्रकरण वाचताना मी खुर्चीवरून पडायची राहिले. इतकी हसले, आणि नंतर रडले. चांगलं पुस्तक आहे रे, अँब्रोज. फार चांगलं आहे. आणि मी ते वसंतापासून मासळीच्या पेटीत घालून ठेवलं."

अँब्रोजने नाक शिंकरलं, उठून आत गेला आणि प्रेस्कॉटना फोन लावला. व्यवहार मोडतोय म्हणून त्याने त्यांची माफी मागितली. त्रास दिला म्हणून त्यांनी त्याची मागितली. मग त्याने पुन्हा त्यांची मागितली. हिल्डा ओसरीवर उभी राहून हा सोहळा ऐकत होती. शेवटी प्रेस्कॉटनी दुसरी एखादी होडी कुठे मिळेल का, असं विचारलं असावं, कारण अँब्रोज फोनवर म्हणाला, "बाथटब बघा ना एखादा."

असं बोलायची त्याची ही पहिलीच वेळ. फोन ठेवल्यावर तो स्वतःच दचकला.

"दुसरी आवृत्ती राहिली," तो बाहेर येऊन म्हणाला. "पहिलीच सगळी घरी परत येणार आता."

"येऊ दे. आणि यातलं एक खोकं गाडीत परत ठेव. या वेळी मी ते खरोखर विकणार आहे. खिडकीत नाही, ओट्यावर मधोमध. आणि लिओटाला मी सांगते आज, बस थांबवून. तिसऱ्या प्रकरणाचंही सांगते."

"तिला वाईट वाटेल."

"वाटू दे. तिला वर्षभरात कोणी काही सांगितलेलंच नाही."

अँब्रोज खोक्यातल्या प्रती नीट लावू लागला. सवयीने त्याचा हात मोजत होता. मग तो थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

"एक कमी आहे."

"असणारच."

"विकलं गेलं?" त्याने वर पाहिलं. "खरंच? कोणाला?"

"मला," हिल्डा म्हणाली. "ते परत मिळणार नाही."